चौथं भूत

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मंगळवार होता. भर दुपारी तीनची वेळ. ताईच्या खोलीत मी स्वतः हजर होतो.

ताई तेव्हा टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरसाठी खेळ लिहायची. हा खेळ तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा. भूलभुलैयात दाणे खात पळणारा उंदीर आणि मागे चार भुतं. सगळे दाणे संपले की डाव पुरा. तीन ताईने लिहिली, चौथं मैत्रिणीने. ते मागे लागायचंच नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसायचं.

हिवाळ्यात मैत्रीण तापाने गेली. आठ दिवसांत.

मग कंपनीचा साहेब म्हणाला, खेळ घेतो, पण नाव एकच हवं. मेलेल्या बाईची सही कुठून आणायची? शिवाय मशीनची मेमरी पुरत नव्हती. ताईने मैत्रिणीचं नाव काढलं. चौथं भूतही काढलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

त्या मंगळवारी साहेब खेळ बघायला आला. ताईने खेळाची कॅसेट लावली. खेळ मशीनमध्ये चढतानाची नेहमीची किरकिर सुरू झाली...

आणि मध्येच थांबली.

कॅसेट फिरत होती. आवाज नव्हता.

तरी खेळ आला. साहेब खेळायला बसला.

एक भूत. दोन. तीन.

कोपऱ्यात... चौथं.

"हे काढलं होतंत ना?" साहेबाने विचारलं.

ताईने होकारार्थी मान हलवली.

ते हललं. भिंती ओलांडत सरळ उंदराकडे निघालं. साहेब बटणं बडवत होता, उंदीर जागचा हलेना. शेवटी त्याने कॉम्प्युटरचा प्लगच उपटला.

प्लग त्याच्या हातात... आणि भूत पडद्यावर तसंच.

माझी बोबडी वळली. ताईची नाही. तिने त्याच्या हातातून प्लग काढून घेतला.

"दोन्ही नावं राहतील. नाहीतर खेळ मिळणार नाही."

अशी संधी पुन्हा येणार नाही, असं साहेब चाचरत म्हणाला.

"नको येऊ दे. तुमचा चहा झालाय, निघा."

तो गेल्यावर भूत सावकाश कोपऱ्यात परतलं. मग पडदा विझला.

खेळ कुणीच घेतला नाही. ताईने दोन्ही नावं घालून कॅसेटी फुकट वाटल्या. बरं केलं. चौथं भूत मात्र तिने पुन्हा लिहिलं नाही, तेवढी जागाच नव्हती. मी कोडची ओळ न् ओळ वाचलीय. त्यात ते नाही.

पडद्यावर आहे.

"तिची जागा आहे ती, बसू दे," ताई म्हणते.

मी अजून तो खेळ खेळतो. सगळे दाणे खातो, फक्त त्या कोपऱ्यातले सोडून. त्यामुळे इतक्या वर्षांत माझा पहिला डावही पुरा झालेला नाही.