रांजणातला खर्ज

एकोणीसशे शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली ही गोष्ट. द्राक्षतोडणी तोंडावर आली होती. तेलावीच्या वाइन कारखान्यात मी तेव्हा रसायनतज्ज्ञ होते. वीज असेल त्या दिवशी काम चाले, नसेल त्या दिवशी आम्ही कोट घालून चहा पीत बसायचो. शाल्वा माझा शाळेपासूनचा मित्र. तोडणीच्या आधी आपल्या घरची उरलेली वाइन चाखायला तो मला दरवर्षी बोलवायचा. कोणती ठेवायची, कोणती विकायची, हे मी सांगायचं.

त्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. मागच्या कौलारू खोलीत माणूस उतरेल एवढे सात रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. खोलीत कायम ओल्या मातीचा आणि अक्रोडाच्या सालींचा वास असे. मला तो वास अजूनही झोपेत येतो.

"आली बघा सरकारी जीभ!" शेजारचा नोदारी दारातूनच ओरडला. "शाल्वा, आता तुझ्या वाइनला नापास करणार ही."

"तुझ्या वाइनला तर परीक्षेलाच बसू देणार नाही ती," शाल्वा म्हणाला.

तो लांब दांड्याच्या भोपळ्याच्या पळीने एकेका रांजणातून वाइन काढत होता. पहिली जर्दाळूच्या रंगाची, जिभेला चरचरीत लागणारी. दुसरी मधाकडे झुकलेली. तिसरी थोडी आंबायला लागली होती, तसं मी सांगितलं. शाल्वाची बायको लामारा चीज आणि गरम पाव ठेवून गेली. बोलली नाही. पूर्वी असं नसायचं. या घरात तिघं गायची. शाल्वाचा आवाज बारीक, तो वरचा सूर धरायचा, लामारा मधला, आणि त्यांचा मुलगा मिरियान खर्ज. मिरियानचा खर्ज लागला की टेबलावरचे प्याले थरथरायचे. तीन वर्षांपूर्वी तो समुद्रकाठच्या सुखुमीच्या लढाईवर गेला आणि परत आला नाही. प्रेत नाही, निरोप नाही. तेव्हापासून लामारा गायली नव्हती.

सातव्या रांजणाशी शाल्वा थांबला. तो मिरियानचा. आमच्याकडे मुलगा जन्मला की त्या वर्षीची वाइन एका रांजणात भरून झाकण मातीने लिंपून टाकतात आणि त्याच्या लग्नात ते उघडतात. लग्नाआधीच तो गेला, तर त्याच्या मयताच्या जेवणाला.

"आज हाही उघडतो," शाल्वा म्हणाला.

लामारा दारात उभी होती. "हात लावून तर बघ."

"मकवालाला स्थळ आलंय. चांगला मास्तर आहे. ती पोरगी ना सुतकातली ना सुखातली, अशी आपल्या दारात बसून राहिलीय. किती दिवस बसवायचं तिला?"

मकवाला म्हणजे मिरियानची वाग्दत्त वधू. ती अंगणात वेली बांधत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"जाऊ दे तिला, मी धरून ठेवलंय का?" लामारा म्हणाली. "पण हे झाकण काढलंस, तर माझ्या पोराला तूच मारलंस असं मी समजेन."

शाल्वाने फावडं उचललं.

माती घट्ट होती, कुठे चीर नव्हती. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. तरीही झाकण निघालं तेव्हा वाइन काठापासून हातभर खाली गेलेली होती. रांजण गळत असता, तर एवढ्या वर्षांत पुरता रिकामा झाला असता. मी चाखली. वास जवळजवळ नव्हता. आधी कडू लागली, अक्रोडाच्या हिरव्या सालीसारखी, आणि मग खारट. आमच्या डोंगरात मीठ नाही. पुढे प्रयोगशाळेत मी ती तपासली तेव्हा जे निघालं ते समुद्राच्या पाण्याशी जुळत होतं.

 शाल्वाने पावाचा तुकडा मोडला. मेलेल्याच्या नावाने पिताना आम्ही आधी पावावर वाइनचे थेंब सोडतो. त्याने पळी कलती केली, तोच लामाराने तो तुकडा त्याच्या हातातून हिसकावला आणि खाऊन टाकला. कोरडाच. आमच्या डोळ्यांकडे बघत, सावकाश चावून.

वाइन उपसून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण धुवायचा ठरला. नवीन रस त्यातच भरायचा होता.

रांजण धुवायला माणूस आत उतरतो. काखेखालून दोर बांधतो, चेरीच्या झाडाच्या सालींची कुंचली घेतो. आतली हवा दगा देते, म्हणून नियम एकच असतो. उतरलेल्याने गात राहायचं. गाणं थांबलं की वरच्यांनी ओढायचं. गात असेल तोवर ओढायचं नाही.

शाल्वाने आधी मेणबत्ती सोडली. ती तळापर्यंत नीट जळत गेली. मग तो उतरला. दोर नोदारीच्या आणि लामाराच्या हातात होता. मकवाला पाण्याची बादली घेऊन माझ्याशेजारी उभी होती.

"जास्त लांबवू नकोस रे," नोदारी खाली वाकून म्हणाला, "तुझा आवाज ऐकून माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात."

आतून शिवी आली आणि पाठोपाठ गाणं. तोडणीचंच जुनं गाणं. बारीक, थरथरता वरचा सूर. कुंचलीची घासघास. माझ्या अंगावर ऊन होतं, बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती.

मग खर्ज लागला.

मला वाटलं, रांजण घुमतोय. पण घुमणारा आवाज मागून येतो. हा बरोबरीने येत होता, आणि श्वास घ्यायला वेगळ्या जागी थांबत होता.

मकवालाच्या हातातली बादली खाली टेकली.

"तोच..." ती म्हणाली.

नोदारी दोराकडे बघत राहिला. लामाराने डोळे मिटले होते. त्या बाईचा चेहरा मी तीन वर्षांत असा सैल झालेला पाहिला नव्हता.

कुंचलीचा आवाज थांबला. गाणं चालू होतं.

"ओढायचं का?" नोदारीने विचारलं. "बराच वेळ झाला."

"गातोय ना," लामारा म्हणाली. "गात असताना ओढत नाहीत."

आम्ही थांबलो. ऊन सरकलं. गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मी कान देऊन ऐकलं.

एकच आवाज येत होता.

"लामारा," मी म्हणाले, "शाल्वाचा सूर कुठे आहे?"

तिने डोळे उघडले नाहीत. दोरावरची तिची मूठ मात्र घट्ट झाली, आणि ती दोर खाली दाबत होती.

नोदारीने तिला खांद्याने ढकललं आणि जोर लावला.

शाल्वाचं डोकं रांजणाच्या तोंडातून वर आलं. ओठ मिटलेले होते. गाल थंड होता.

खालून खर्ज चालूच होता.

नवऱ्याला ओलांडून लामारा काठाशी गुडघ्यांवर बसली. "मिरियान," तिने हाक मारली.

आवाज थांबला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आणि हेही म्हणाले की, जाऊन बराच वेळ झाला होता.

मकवालाने पुढच्या वसंतात त्या मास्तराशी लग्न केलं. लग्नाच्या जेवणात तिने कुणालाही गाऊ दिलं नाही. ती आता बातुमीला असते, पण समुद्राकडे तोंड असलेलं घर तिने घेतलं नाही. नोदारीने आपले रांजण फोडून टाकले आणि द्राक्षं कारखान्याला घालू लागला. तो अंथरुणात, झोपेतच गेला.

लामारा खूप जगली. शेवटच्या काही वर्षांत एकदा मी तिला विचारलंच, "तुला कळलं होतं ना, शाल्वा केव्हा थांबला ते?"

"तेवीस वर्षं त्याच्याशेजारी गायले मी," ती म्हणाली. "न कळायला काय झालं? पण शाल्वाला वर ओढलं असतं, तर पोर गायचं थांबलं असतं."

दर सप्टेंबरात ती तो रांजण उघडायची, काठाशी बसायची आणि मधला सूर लावायची. गळा बसेपर्यंत. आतून काही यायचं नाही. मी ऐकलंय ते. एका सप्टेंबरात ती तिथेच, काठावर डोकं टेकलेली सापडली.

आता ते घर तिबिलिसीच्या एका तरुण जोडप्याने घेतलंय. पाहुणे येतात, वाइन चाखतात, फोटो काढतात. मागच्या वर्षी त्यांनी मलाही बोलावलं. वाइन बरी होती. सातवा रांजण ते भरत नाहीत, वाइन टिकत नाही म्हणाले, कडू होते. ती दोघं दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली तेव्हा मी काठी टेकत त्या रांजणापाशी गेले. गुडघे वाकत नाहीत, तरी जमेल तेवढी वाकले.

वरचा सूर होता. खर्ज होता. दोघं तोडणीचं गाणं म्हणत होते, निवांत, जेवणानंतर म्हणावं तसं. लामाराला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मधला सूर कुणीच लावत नव्हतं, आणि त्या सुरासाठी ते थांबतही नव्हते.