पुसणाऱ्यांचा सोमवार

मी पाठीवर आडवी पडून एका ढगाची काजळी काढत होते, तेव्हा समोरच्या खिडकीत एक माणूस उलटा लटकलेला दिसला.

खरं तर तो सरळच होता. उलटी मी होते. पण जमिनीपासून सत्तर फुटांवर, संग्रहालयाच्या घुमटाखाली, परांचीच्या फळीवर झोपलेल्या बाईला एवढा विचार सुचत नाही. हातातला कापसाचा बोळा थेट माझ्याच नाकावर पडला.

पिवळं हेल्मेट, कमरेला दोर, हातात फेसाने भरलेला ब्रश. त्यालाही मी तेव्हाच दिसले असावे, कारण ब्रश हवेतच थांबला. मग त्याने काचेवरच्या फेसात बोटाने काहीतरी लिहिलं. बाहेरून लिहिलेली अक्षरं आतून वाचायला मला मान पार वाकडी करावी लागली.

'झोपलात?'

मी चिडून बोळा दाखवला. छताकडे बोट केलं. त्याने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. फेस ओघळून गेला, अक्षरं पुसली गेली, तरी हा तसाच, तोंड उघडं टाकून.

त्याची चूक नव्हती. त्या घुमटावर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी अख्खी पहाट रंगवली होती — समुद्र, ढग, शेकडो पक्षी. पुढे दिव्यांच्या धुराने ती इतकी काळवंडली, की लोक त्या चित्राला वादळ म्हणू लागले. आम्ही चौघी अकरा महिने ते वादळ पुसत होतो. आत्ता कुठे पहाट झाली होती.

संध्याकाळी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तो उभा. बाह्या ओल्या, हेल्मेट काखेत.

"मघाशी घाबरवलं का?"

"छे! पाखरं येतातच खिडकीत."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीत जायचा, दुसरा विसरून जायचा. "तुम्ही वर नेमकं काय करता?"

"पुसते."

"मीपण पुसतो!" गावाकडचं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा उजळला. "मी दिवसाला चाळीस खिडक्या पुसतो. तुम्ही?"

"तळहाताएवढं."

"तासाला?"

"दिवसाला."

त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "आणि कामावरून काढत नाहीत?"

मला हसू आवरेना. घरी आई आहे आणि बरोबरचे लोक त्याला 'पाल' म्हणतात, हेही त्याने लगेच सांगून टाकलं. भिंतीला चिकटून राहतो म्हणून.

"मला पालीची भीती वाटते," मी म्हटलं.

"म्हणून तर आधीच सांगितलं. नंतर किंचाळायला नको."

बोलता बोलता त्याला कळलं, की मी परगावची, अकरा महिने इथे आहे आणि घर-घुमट-घर यापलीकडे काही पाहिलेलं नाही. रविवारी काय करता, त्याने विचारलं. कपडे धुते, मी म्हणाले. त्याने कपाळाला हात लावला.

"येत्या सोमवारी मला सुट्टी. संग्रहालयही बंद. मी तुम्हाला शहर दाखवतो, तुम्ही मला ते छत जवळून दाखवा. फिटंफाट."

मी हो म्हटलं. एक गोष्ट मात्र बोलले नाही. पुढच्या शनिवारी मी हे शहर सोडून जाणार होते — दुसऱ्या देशात, दुसऱ्या एका छताखाली, दोन वर्षांसाठी. सांगायला वेळच मिळाला नाही... असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी सातला आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर भेटलो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात एक रेघ होती — अलीकडे चहासारखं तांबूस पाणी, पलीकडे हिरवंगार, आणि दोन्ही एकमेकांना लागून, न मिसळता. बोट त्या रेघेवरून गेली तेव्हा मी कठड्यावरून इतकी वाकले, की त्याने मागून माझी ओढणी धरून ठेवली.

"पडलात तर मोठ्या बाई मलाच धरतील."

"तुम्हाला काय माहीत मोठ्या बाई?"

"कालच भेटलो. छत बघायची परवानगी मागायला. 'दहा मिनिटं, आणि हात खिशात,' म्हणाल्या. बाकी प्रेमळ आहेत."

आमच्या मुख्य चित्रसंवर्धक बाईंना प्रेमळ म्हणणारा तो जगातला पहिला माणूस.

पलीकडच्या काठावर वनस्पती-उद्यान होतं. तिथल्या तळ्यात परातीएवढी पानं तरंगत होती. परातीएवढी कसली, त्यावर एखादं बाळ निवांत झोपलं असतं. झाडांच्या फांद्यांवरून मुळ्या खाली आलेल्या, एवढ्या जाड, की झाड कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. मी प्रत्येक झाडाखाली थांबून वर पाहत होते, तो वाट पाहत होता.

"तुम्ही सारखं वर का बघता?"

"सवय. तुम्ही सारखं खाली का बघता?"

"सवय," तो म्हणाला. "हेच झाड मला रोज, काचा पुसतो त्या टॉवरच्या चौतिसाव्या मजल्यावरून दिसतं. कोबीच्या गड्ड्यासारखं. त्याच्या पोटात एवढी सावली असेल असं कधी वाटलंच नाही."

मग पाऊस आला. तिथला रोजचा पाऊस, दुपारी येऊन अर्ध्या तासात निघून जाणारा. आम्ही धावत मासळीबाजाराच्या पत्र्याखाली शिरलो. निखाऱ्यावर अख्खा मासा भाजून वर लिंबू पिळून देणारी एक बाई त्याला ओळखत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि न सांगता मोठा मासा निवडला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बोलायला जवळ सरकावं लागत होतं. कातडी कुरकुरीत, आत मऊसूत, लिंबाचा रस कोपरापर्यंत... माझ्या हनुवटीला काहीतरी लागलं होतं. त्याने हात पुढे केला, मग अडखळला आणि नुसतंच स्वतःच्या हनुवटीकडे बोट दाखवलं.

"पुसणारे तुम्ही ना?" मी म्हटलं. इतकं धाडस कुठून आलं, देव जाणे.

त्याने अंगठ्याने ते पुसलं. दिवसाला चाळीस खिडक्या पुसणाऱ्या माणसाने त्या एवढ्याशा कामाला फार वेळ घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. पावसात ऐकू येईना म्हणून मी आवाज मोठा केला, आणि ताईने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "सामान बांधायला घेतलंस का? शनिवारी विमान आहे, बाई! दोन वर्षांचं बिऱ्हाड आदल्या दिवशी आवरणारेस का?"

मी फोन ठेवला. पाऊस थांबला होता. नेमका तेव्हाच.

"शनिवारी," तो म्हणाला.

"सांगणार होते..."

"कधी? विमानातून?"

त्याने माशाचा काटा नीट बाजूला ठेवला, हात धुतले, पुसले. आता हा निघून जाणार, असं मला वाटलं. गेला असता तर मी काय म्हणणार होते?

"चल," तो म्हणाला. "छत दाखव."

'चल' म्हणाला. 'चला' नाही. रागाने की जवळिकीने, ते मला कळलं नाही, पण पाय हलके झाले.

बोटीने परतून संग्रहालयात परांचीच्या शिड्या चढताना मात्र गंमत झाली. चौतीस मजल्यांवरून लोंबकळणारा हा गडी तिसऱ्या शिडीवर घामाघूम!

"फळी हलते," तो पुटपुटला.

"हलणारच. तू रोज वाऱ्यावर हलतोस."

"तिथे दोर असतो! इथे काय आहे?"

"मी आहे," मी म्हणाले, आणि हात पुढे केला. त्याने तो असा पकडला, की पुढचे दोन दिवस माझी बोटं दुखत होती.

आम्ही शेजारी शेजारी पाठीवर पडलो. पहाट आमच्या नाकापासून हातभर अंतरावर होती. खालून दिसणारा पक्षी इथे नुसते चार फटकारे होते. ढगाच्या कडेला चित्रकाराने रंग बोटाने ओढला होता. त्याच्या बोटावरच्या रेषा अजून तशाच उमटलेल्या.

"हा... त्याचा हात?"

"हो. शंभर वर्षांपूर्वीचा. त्यालाही असंच पाठीवर पडून काम करावं लागलं असणार."

"आणि हे तू शोधलंस?"

"काजळीखाली होतं. मी फक्त पुसलं."

त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. ते लपवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही. हात खिशात होते ना.

"अशी आणखी छतं आहेत जगात? काळी पडलेली?"

"खूप."

"मग तू इथे बसून कसं चालेल?" तो छताकडेच बघत म्हणाला.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मावळतीला तो मला त्याच्या चौतिसाव्या मजल्याच्या गच्चीवर घेऊन गेला. त्याच्या मुकादमाने माझा पट्टा तीनदा तपासला, हेल्मेटचा बंद आवळला आणि "दोनच मीटर खाली, जास्त नाही," असं बजावलं. मी कठड्यावर पाठमोरी बसले. त्याने शेजारच्या दोरावरून हात केला. मी डोळे मिटून मागे झुकले.

डोळे उघडले तेव्हा माझ्या पायाखाली काही नव्हतं, आणि सगळं होतं. नदी तांब्याची झालेली. सकाळची बोट नखाएवढी. उद्यानाचे कोबी. मधे आमचा घुमट, मुठीत मावेल असा. आणि त्यापलीकडे समुद्र, एवढा समुद्र, की तो वाकलेला दिसत होता. याच शहरात मी अकरा महिने कपडे धुतले होते! श्वास घ्यायचा असतो हेच मी विसरले.

"घे, श्वास घे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मीही विसरलो होतो."

थोडा वेळ आम्ही नुसतेच झुललो.

"मला जायचंय," मी अखेर म्हटलं. "खरंच जायचंय मला. ते काम हवंय."

"मग जा ना. मी नको म्हटलं का?"

"तेच तर दुखतंय! एकदासुद्धा म्हणाला नाहीस."

तो दोर धरून माझ्याकडे वळला. दोन्ही गाल गंभीर. "मी नको म्हटलं आणि तू राहिलीस, तर एक पहाट कुठेतरी काळीच राहील. ते माझ्या डोक्यावर नको." मग आवाज एकदम लहान झाला. "पण मी येऊ का, असं विचारलं तर?... काचा काय, सगळीकडे असतात."

"तुझी आई?"

"आई म्हणते, तुला जमिनीवर आणणारी कुणीतरी भेटायला हवी. तिला सांगावं लागेल, भेटली ती छतावरचीच निघाली."

मी हसले, आणि रडलेही असेन. त्याच्याकडे झुकायला गेले तर दोर फिरला, आमची हेल्मेटं एकमेकांवर टक्कन आपटली आणि वरून मुकादम ओरडला, "काय चाललंय रे खाली?"

"तपासणी!" तो ओरडला.

"ये," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "विचारतोस काय?"

शनिवारी मी गेले. त्याच्या कागदपत्रांना चौदा आठवडे लागले. चौदाव्या आठवड्याच्या शेवटी मी त्या परक्या विमानतळावर तासभर काचेच्या दाराकडे डोळे लावून उभी होते. सगळे प्रवासी बाहेर आले, हाच नाही. ऐनवेळी त्याचं मन बदललं असेल, असंही वाटून गेलं. मग दार सरकलं. उसना, दोन मापं मोठा कोट घालून तो एकटाच बाहेर आला, खांद्यावर दीडशे फूट दोराचं वेटोळं.

"हे कशाला लागतं, ते विचारत बसले होते," तो म्हणाला.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, बायकोकडे जायचंय, ती उंचावर राहते."

"बायको?" मी म्हटलं. "मला विचारलंस कधी?"

"आता विचारतोय," तो म्हणाला, आणि दोर खाली ठेवला.