भिंतीकडे उघडणारी खिडकी

खिडकी कशासाठी असते? उजेड यायला, वारा यायला आणि शेजारी काय चाललंय ते बघायला! पण फ्रान्समधल्या एका चिमुकल्या खेड्यातल्या चर्चमध्ये कालिंदीने जी खिडकी पाहिली, तिच्यापलीकडे वीतभर अंतरावर होती नुसती दगडी भिंत.

"आत्या, हे कुठल्या शहाण्याचं काम गं?"

सुनंदाआत्या होती जुन्या इमारतींची शास्त्रज्ञ. सुट्टीसाठी तिने भाचीला मिरजेहून बोलावून घेतलं होतं खरं, पण आज तिला मान वर करायला फुरसत नव्हती. ती खिडकीच्या भिंतीला बाहेरून टेकलेल्या घंटेच्या मनोऱ्याकडे बघत होती. यंदाच्या थंडीत मनोऱ्याचा गिलावा गळून पडला आणि चर्च अन् मनोरा यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक भेग दिसू लागली. मनोरा कोसळेल या भीतीने आज संध्याकाळी पाच वाजता तो उतरवणारी यंत्रं गावात पोचणार होती. आणि आत्ता वाजले होते तीन!

गावच्या सरपंच ओदीलबाई बाकावर डोळे पुसत बसल्या होत्या. सात वर्षांच्या असल्यापासून ती घंटा त्याच वाजवत आल्या होत्या. कालिंदीच्या कानातलं दुभाषी यंत्र त्यांचं बोलणं तिला मराठीत सांगत होतं, "पोरी, मनोरा गेला तर गावाचा आवाजच गेला गं."

भिंतीवरून आत्याचा तळहाताएवढा यंत्रमानव सरसर खाली आला. त्याचं नाव पालोबा. पालीसारखा चढायचा, म्हणून पालोबा.

"तिसऱ्यांदा मोजलं," तो ऐटीत म्हणाला. "एकसंध इमारतीला एवढी भेग म्हणजे खेळ खलास!"

"एकसंध कशावरून?" कालिंदी एकदम म्हणाली. "आमच्या घराला नवं स्वयंपाकघर जोडलंय ना, तिथे दरवर्षी अश्शीच सरळ भेग पडते. बाबा भरतात, ती पुन्हा उघडते. घर कुठे पडलंय?"

आत्या ताडकन उठली. "अगं बाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा! पालोबा, मोजमाप पुरे. भेगेच्या कडा बघ. बिस्कीट मोडलं की दोन्ही तुकडे एकमेकांत बसतात. तसे बसतायत का?"

पालोबा वर धावला. दोन मिनिटं गेली.

"नाही बसत," तो चाचरत म्हणाला. "एकही दगड तुटलेला नाही. दोन्ही बाजूंना आपापले घडवलेले दगड आहेत. एका बाजूचा दगड दुसरीकडे गुंतवलेलाच नाही."

"म्हणजे ही भेग नाही, सांधा आहे!" आत्या ओरडली. "चर्च आधीचं. मनोरा नंतर येऊन शेजारी नुसता टेकला!"

"मग ती खिडकी..." कालिंदीने उडीच मारली. "ती बांधली तेव्हा पलीकडे मोकळं शेत असणार! पालोबा, आत डोकाव ना!"

पालोबाने फटीत केसाएवढा बारीक कॅमेरा सोडला. पडद्यावर खिडकीची बाहेरची बाजू दिसली. तिच्यावर पावसाचे ओघळ होते आणि वाळलेल्या शेवाळाचे डाग होते. आता बंदिस्त असलेल्या त्या भिंतीने कधीकाळी पुष्कळ पावसाळे अंगावर घेतले होते!

"पण एकदाच का नाही बांधून टाकलं?" कालिंदीने विचारलं.

"गाव शेतकऱ्यांचं गं. सुगीत सगळे शेतात, आणि थंडीत ओला चुना गोठतो, म्हणून काम बंद. आधी पूर्वेचा वेदीचा भाग (आपल्या देवळातल्या गाभाऱ्यासारखा) उभा केला की प्रार्थना सुरू. मग सभागृह. मनोरा पार शेवटी, नातवंडा-पतवंडांच्या काळात. किती वर्षांनी, तेही कळेल." आत्याने दोन्ही भिंतींच्या चुन्यातून कोळशाचे कण काढले. "चुनाभट्टीतल्या लाकडाचे हे तुकडे. झाड मेलं की त्यातला किरणोत्सारी कार्बन (आपोआप, ठरावीक गतीने घटत जाणारा कार्बन) कमी होत जातो. किती उरला, त्यावरून वय."

पालोबाने कण तोंडात टाकले. "खिडकीची भिंत सुमारे नऊशे वर्षांची. मनोरा सुमारे साडेसातशे!"

"पण तो पडणार का, ते सांगा!" ओदीलबाई कळवळून म्हणाल्या.

पालोबाने यावेळी मनोरा वेगळी इमारत समजून तपासला. पाया स्वतंत्र. ओळंबा सोडून पाहिला, तर कुठे कललेलाही नाही. "मघाशी चुकलो," तो हळूच म्हणाला. "मनोरा ठणठणीत आहे."

आत्याने सांध्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. मनोरा जरा जरी हलला, तर ती तडकणार होती. "हिच्यावर वर्षभर नजर ठेवा. आणि ती यंत्रं परत पाठवा!"

ओदीलबाईंनी कालिंदीला घट्ट मिठी मारली. बरोबर पाच वाजता त्यांनी घंटेचा दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ओढ!"

घण्ण! सारं गाव बाहेर धावलं. सगळ्यांचं लक्ष काचेच्या पट्टीवर होतं. पट्टी जशीच्या तशी!

"चंद्रावरची वस्तीही अशीच खोली-खोलीने वाढणार आहे," आत्या म्हणाली. "एक खोली हलली तरी दुसरीला तडा जाऊ नये, म्हणून तिथे सांधे कसे ठेवायचे, ते आपण या गवंड्यांकडूनच शिकू."

कालिंदीने धापा टाकत मिरजेला फोन लावला. "बाबा, स्वयंपाकघराची भेग भरू नका हं! आधी मी येऊन तिला वाचणार आहे!"