दोरीचा वाटा

ही गोष्ट मी सांगायला नको. आजोबांनी आम्हा पोरांना परवा अंधारात सांगितली आणि वर बजावलं, "बाहेर बोलायचं नाही. गासिबच्या कानावर गेलं तर तो पुन्हा मोडेल." गासिबकाका आमचे शेजारी.

आमच्या गावाला रस्ता नाही. मागे डोंगर, पुढे वाळू. होडी आली की होडीवाला हाक देतो आणि जो घरात असेल तो दोरी ओढायला धावतो, बायकापोरंसुद्धा. ज्याचा हात दोरीला लागला, त्याच्या दाराला सकाळी एक मासा अडकवलेला असतो, खजुराच्या पातीत ओवून. तो त्याचा वाटा.

मोठ्या लाटांच्या दिवसांत गासिबकाकांचं मुलाशी, हमूदशी वाजलं. जुन्या इंजिनावरून.

"बाबा, तुमच्या होडीपेक्षा आपली बकरी वेगानं पोहेल."

"मग रात्री दोरी ओढायला बकरीलाच बोलव."

रात्री हमूदची हाक आली. त्याची आई, झुवैनाकाकू, उठल्या. "नीज गं, ओढतील बाकीचे," काका म्हणाले आणि कूस बदलली. पण वाऱ्यात ती हाक दोघातिघांनाच ऐकू गेली होती. त्यांच्या हातांतून दोरी निसटली. लाटेनं होडी उलटी केली. हमूद सापडलाच नाही.

मग गेल्या रमजानचा चांद दिसला ती रात्र. दुसऱ्या दिवसापासून रोजे. चंद्रकोर केव्हाच बुडालेली. वाळत घातलेली तारली दवात भिजू नये म्हणून काका पोतं घेऊन किनाऱ्यावर गेले. समुद्र शांत होता. ते मासे भरत होते.

हाक आली.

पायाशी ओली दोरी येऊन पडली. काकांनी ती खांद्यावर घेतली. ओढताना तोंड गावाकडे असतं, मागचं दिसत नाही. दोरी जड होती. फार जड. ते एकटेच ओढत राहिले. तळहात सोलले. आणि मागून, अगदी जवळून...

"बाबा, आज बकरी नाही आली?"

काका ओढत राहिले.

"पुरे, बाबा. लागली होडी."

ते वळले. वाळू... पाणी... हातात काही नाही.

सकाळी दाराला मासा होता. ताजा. पातीची गाठ उलटी, डावखुऱ्या माणसाची. झुवैनाकाकूंनी ती ओळखली आणि उंबऱ्यातच बसल्या. मासा त्यांनी समुद्रात सोडला. पात काढू दिली नाही.

उन्हाळा सरला. पात केव्हाच वाळायला हवी होती. काल कुणी नसताना मी बोट लावून बघितलं. ओली होती.

आई हाक मारतेय. किनाऱ्यावर होडी लागतेय म्हणे, दोरीला हात हवेत. शेजारचं दार वाजलं, गासिबकाका अनवाणी धावत निघालेत. पण आज सगळ्या होड्या तर संध्याकाळीच ओढून झाल्यात.