बारकीचं गाठोडं

एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेली दोन यंत्रं घ्या. दोन्हींवर एकच प्रोग्राम ठेवा. दोघांना आज्ञाही तीच द्या, शब्दाला शब्द. पहिल्या यंत्रावर प्रोग्राम झकास चालतो आणि दुसऱ्यावर हूं की चूं करत नाही. असं का होत असेल?

उत्तर येत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. मला ते शोधायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांवर आमच्या सात गावांचं भात अवलंबून होतं.

मी केतकी घरत, इयत्ता सातवी, गाव खारसावली. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेतं यांच्या मधे एक लांबच लांब बांध आहे आणि त्यात चौदा उघाड्या, म्हणजे दारं. ओहोटीला दार उघडायचं, शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं. भरतीच्या आधी दार लावायचं. समुद्र चढला तसा बांधही उंच झाला, दारं पोलादाची झाली आणि प्रत्येक दारावर एकेक यंत्र आलं. कंपनी त्याला ‘जलद्वार नियंत्रक’ म्हणते. त्याला दहा पाय आहेत, त्यातल्या दोन नांग्या, आणि आम्ही त्याला चिंबोरी म्हणतो, कारण ते सरळसरळ खेकड्यासारखं दिसतं.

आमच्या दारावरच्या चिंबोरीचं नाव बारकी. ती टेम्पोएवढी आहे, तरी बारकीच. मी दुसरीत असल्यापासून शाळा सुटली की तिच्याकडे जाते. उलट उत्तरं द्यायला तिला मीच शिकवलं.

अमावास्येच्या उधाणाला तीन दिवस उरले होते, तेव्हा कंपनीचा निरोप आला. चिंबोऱ्यांच्या पोटात भरतीच्या वेळांचं एक कोष्टक होतं, ते चतुर्दशीला संपणार होतं. पाणी मोजायच्या त्यांच्या काठ्या खाऱ्या हवेने कधीच खाल्ल्या होत्या. कोष्टक संपलं की दार कधी लावायचं ते त्यांना कळणार नव्हतं. आणि हाताने दार लावायचं चाक? ते ‘सुरक्षेसाठी’ कंपनीने काढून नेलेलं.

मी कंपनीच्या सबनीस साहेबांना फोन लावला.

“जुन्या यंत्रांना नवं कोष्टक द्यायचं नाही असं धोरण आहे, बेटा,” ते म्हणाले. “नवी यंत्रं तीन महिन्यांत येतील.”

“उधाण तीन दिवसांवर आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन पावसाळे तिथे भात होत नाही.”

“मग यंदाचं गेलं असं धरून चाला. त्याला इलाज नाही. शक्यच नाही ते.”

“बघू या की!” माझ्या मागून बारकी खणखणीत आवाजात बोलली. साहेबांनी फोन ठेवला.

मला असा राग आला होता की रडूच फुटेना. आमची शेतं गेली असं धरून चालणारा हा कोण? चाक नेलं ते नेलं, वर शहाणपण शिकवतो.

मी बारकीची आज्ञापट्टी उघडली (आज्ञापट्टी म्हणजे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं लिहून यंत्राशी बोलायची काळी खिडकी). आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की साधारण तास मिळतो. अमावास्या पंधरावी, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमाराला. आज कुठली तिथी ते बघून ही पाऊणपट करायची आणि भरतीच्या सव्वा तास आधी दार लावायचं, असा प्रोग्राम मी लिहिला. बारकीने तो संध्याकाळपर्यंत बिनचूक चालवून दाखवला.

पण चौदातलं एक दार जरी उघडं राहिलं, तरी पाणी सगळीकडे पसरणार. एकट्या बारकीचं दार लागून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी होडीने मी शेजारच्या उघाडीवर गेले. प्रत्येक दाराला गावाचा एक दारवान असतो, तिथले धर्माकाका. त्यांच्या चिंबोरीत माझा प्रोग्राम ठेवला, आज्ञा दिली. ती म्हणाली, “तिथी म्हणजे काय?”

मी कपाळावर हात मारला. बारकीत मी गेल्या वर्षीच पुढच्या काही वर्षांचं पंचांग घालून ठेवलं होतं, गणपतीची सुट्टी कधी लागते ते बघायला! प्रोग्राम गुपचूप तेच वाचत होता. होडी वल्हवत परत आले, पंचांग घेऊन पुन्हा गेले. आता चिंबोरी म्हणाली, “केतकीचा कप्पा सापडत नाही.” खरंच की. बारकीत माझ्या नावाचा कप्पा होता आणि पंचांग तिथेच आहे असं मी प्रोग्राममध्ये लिहून बसले होते. तोवर ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली.

एका चिंबोरीत एक दिवस गेला होता. बारा अजून शिल्लक होत्या.

घरी आले तर आजा अंगणात सुपारी कातरत बसला होता. गोष्टींमधल्या मुलांचे आजोबा शास्त्रज्ञ असतात. माझा आजा आचारी. चाळीस वर्षं त्याने पंचक्रोशीत लग्नाचं जेवण रांधलं.

“काय गो, तोंड का पाडलंस?” त्याने विचारलं.

“आजा, माझ्याकडे चालतं आणि धर्माकाकांकडे चालत नाही!”

सगळं ऐकून तो हसला. मला त्याचाही राग आला.

“माझं पयलं लगीन, परगावचं,” तो सांगू लागला. “चारशे पान. यादी केली, तांदूळ, डाल, गूल, तेल, समदं नेलं. चुलीपाशी बसलो तर काडेपेटी नाय! नवऱ्याकडची मानसं ताटकललेली.”

“काडेपेटी कशी विसरलास?”

“घरात ती कायम चुलीपाशी असायची ना. हात टाकला की हाय. जी वस्तू रोज हाताला लागतं, ती डोल्यांना दिसत नाय, पोरी. तवापासून मी यादी आपल्या घरात बसून केली नाय. परक्याच्या रिकाम्या घरात उभा हाय असं धरायचं, मग लिवायचं.”

मी तशीच पळत बारकीकडे गेले आणि तिला हे सांगितलं.

“तुझा आजा कधी प्रोग्रामर होता का?” तिने विचारलं. “काडेपेटीला आमच्यात अवलंबन म्हणतात (एका प्रोग्रामला चालण्यासाठी लागणारी दुसरी गोष्ट). आणि यादी बघून सगळं एकत्र बांधणारं अवजार माझ्याकडे पहिल्यापासून आहे. त्याचं नाव गाठोडं. तू कधी विचारलं नाहीस.”

“तू कधी सांगितलं नाहीस!”

“भांडायचं की बांधायचं?”

मग तिने मला समजावलं. आधी एक यादी लिहायची. प्रोग्रामचं नाव काय, आवृत्ती कितवी (सुधारलेल्या प्रत्येक खेपेला दिलेला आकडा), त्याला काय काय लागतं आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची. मग आज्ञापट्टीत एक ओळ लिहायची, ‘गाठोडं तयार कर’. अवजार यादी वाचतं, एकेक वस्तू गोळा करतं आणि सगळ्याचं मिळून एक पॅकेज बनवतं. त्यातच एक इन्स्टॉलर असतो (दुसऱ्या यंत्रावर गाठोडं सोडून प्रत्येक वस्तू जागच्या जागी लावणारा छोटा प्रोग्राम). वर मोहोर बसते, म्हणजे वाटेत कुणी आत ढवळाढवळ केली तर लगेच कळतं.

“शिवाय परतीची वाटही लिहायची,” बारकी म्हणाली. “गाठोडं काढून टाकायचं झालं तर कसं काढायचं आणि ते सांगायचा हक्क कुणाला.”

“दारवानाला,” मी म्हणाले. “फक्त दारवानाला. कंपनीला नाही.” आणि तसंच लिहिलं.

माझ्या नावाचा कप्पा काढून ‘जिथे गाठोडं सुटेल तिथला कप्पा’ असं केलं. प्रत्येक दाराचा उंबरा वेगळ्या उंचीवर होता, म्हणजे दार किती खाली आणायचं तेही वेगळं, म्हणून इन्स्टॉलरने दारवानाला तेवढा एकच प्रश्न विचारायचा असं ठरलं. यादी पुरी झाली, आज्ञा दिली आणि गाठोडं तयार झालं. आवृत्ती एक.

“आता पाठवू या सगळ्यांना!”

“तेरा उघाड्यांवर काडेपेटीशिवाय?” बारकी म्हणाली. “आधी रिकाम्या घरात करून बघ. मला कोरी कर.”

कोरी म्हणजे कारखान्यातून आली तशी. तिच्या आठवणी बाहेर काढून ठेवायला कंपनीने कुलूप घातलेलं; मी लिहून घातलेले प्रोग्रामचे तुकडे तेवढे माझ्याकडे जपलेले होते. माझी दुसरीतली गाणी, आमची भांडणं, सगळं पुसलं जाणार होतं.

“दुसरं यंत्र शोधू,” मी म्हणाले.

“होडीने जाण्यायेण्यात दिवस जाईल. उद्या चतुर्दशी. केतकी, मी दार लावायला इथे आहे. आणि मला त्या सबनीसांना दाखवून द्यायचंय.”

मला खूप रडू आलं. डोळे पुसून मी यादीत तिला न सांगता आणखी एक ओळ घातली आणि गाठोडं पुन्हा बांधलं. मग आज्ञा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीचे दिवे पुन्हा लागले. “नमस्कार. मी जलद्वार नियंत्रक. आपण कोण?”

“केतकी,” मी कशीबशी म्हणाले आणि गाठोडं सोडलं.

“पंचांग सापडले,” ती म्हणाली. “पण ही चिन्हे मला वाचता येत नाहीत.”

पंचांगातले आकडे मराठीत होते! मराठी अंक वाचायचा तुकडा मी बारकीत अगदी पहिल्या दिवशी घातला होता, पाढे म्हणून घ्यायला. हीच माझी काडेपेटी. हे तेरा उघाड्यांवर एकदम झालं असतं तर! यादीत ओळ घातली, आवृत्ती दोन बांधली, सोडली. मग बारकीचं घड्याळ तेवढ्यापुरतं एक दिवस पुढे केलं.

“अमावास्या. भरती सव्वाअकराला. दार दहाला लावायचे.” आणि घड्याळात दहा होताच ते हत्तीएवढं दार खडखडत खाली आलं.

आजाने मागून माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आता वाढ पंगतीला,” तो म्हणाला.

सातही गावांच्या होड्यांनी दुपारच्या आत गाठोडं तेराही उघाड्यांवर पोचवलं. धर्माकाकांना वाचायला चष्मा सापडत नव्हता, तरी त्यांनीही ते सोडलं. त्यांना फक्त उंबऱ्याची उंची सांगायची होती.

अमावास्येला सकाळी दहा वाजता आम्ही सगळे बांधावर उभे होतो. एकामागून एक दारं पडल्याचे आवाज येत गेले आणि मी बोटं मोजत गेले. चौदा! सव्वाअकराला खाडी बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली पोचली, तिथे थांबली आणि मागे फिरली. आतलं भात जागचं हललंही नाही. बायकांनी एकच ओरडा केला.

तेवढ्यात बांधावरचा भोंगा वाजला. सबनीस साहेब चौदाही चिंबोऱ्यांशी एकदम बोलत होते. “सर्व यंत्रांनी अनधिकृत गाठोडे तत्काळ काढून टाकावे.”

“दारवानाची परवानगी नाही,” बारकी म्हणाली.

साहेबांनी आवाज चढवला. “हे काय चाललंय? एका शाळकरी मुलीच्या गाठोड्यावर चौदा दारं चालवणं शक्यच नाही!”

आता सांगते मी यादीत गुपचूप काय घातलं होतं ते. ती ओळ होती: ‘बारकीची उलट उत्तरं, सगळी’.

पलीकडच्या काठावरच्या गावांनी आमचं गाठोडं मागितलंय. त्यांच्या चिंबोऱ्यांचे पाय वेगळे आहेत, म्हणून आवृत्ती तीन बांधायला मी आणि बारकी कालच बसलो. मी कोण ते तिला नव्याने सांगते आहे, रोज थोडं थोडं. पण त्या दिवशी, साहेबांच्या तोंडून ‘शक्यच नाही’ निघालं मात्र, धर्माकाकांच्या दारापासून पार खाडीच्या मुखापर्यंत चौदा चिंबोऱ्या एका सुरात ओरडल्या.

“बघू या की!”