अकरा मिनिटांची फाईल

खोटं सांगून मला काय मिळणार? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मी. अंधाऱ्या खड्ड्यात एकटा उतरतो, भुताबितांना भीक घालत नाही. पण हे माझ्याच हॉलमध्ये घडलंय. आणि रात्री नाही... रविवारी, भर दुपारी चार वाजता.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना शूटिंगचा भारी नाद. घरचे सगळे व्हिडिओ त्यांनीच काढलेले, त्यामुळे स्वतः एकातही नाहीत. फक्त कॅमेऱ्यामागून त्यांचा आवाज.

"एक... दोन... हसा."

आई रोज तेवढ्यासाठी टीव्हीसमोर बसायची.

व्हिडिओ कपाटावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, तिथून वायफायने टीव्हीवर यायचे. फायली जड. नेमकं "एक" म्हटलं की चित्र अडकायचं आणि ते मेलं गोल चक्र फिरत बसायचं.

"ह्यांचं बोलणं मधेच तोडतो रे तो डबा," आई म्हणाली. तिचा चेहरा बघवेना.

म्हणून त्या रविवारी फायली लहान करायला घेतल्या. पहिली तिच्या आवडीची, अकरा मिनिटांची. जुन्या घराच्या पायरीवर आई बसलीय, मी आणि ताई सायकलवरून भांडतोय. नऊ जीबीची एक जीबी झाली. 'काम झाल्यावर मूळ फाईल काढून टाका' यावरही मी टिक मारली होती. अतिशहाणपणा, दुसरं काय.

आईला बोलावून व्हिडिओ लावला. कुठेही न अडकता चालला.

सायकल आहे... ताई माझे केस ओढतेय... पायरी आहे...

पायरीवर आई नाही.

तिच्या जागी बाबा बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवून, थेट कॅमेऱ्याकडे बघत.

हा व्हिडिओ मी शंभरदा पाहिलाय. बाबा इथे, तर मग शूटिंग कोण करतंय?

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"एक... दोन... हसा."

आईचा आवाज.

मी वळून पाहिलं. आई शेजारी सोफ्यावर होती. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांतून पाणी.

टीव्हीत बाबा हसले.

व्हिडिओ संपला. आई काहीतरी सांगायला गेली, ओठ हलले... पण आवाज फुटेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, आवाज बसलाय नुसता. बसलाय खरा. कुठे जाऊन बसलाय ते मला विचारा.

तीन दिवस ती कागदावर लिहून बोलली. चौथ्या दिवशी मी धीर करून तीच फाईल पुन्हा लावली. आणि स्वयंपाकघरातून खणखणीत हाक आली.

"चहा टाकतेय रे, साखर कि..."

आनंदाच्या भरात मी पॉज दाबला होता.

आई दारात उभी. ओठ हलतायत, आवाज नाही. मी प्ले दाबलं.

"...ती घालू?"

मूळ फाईल परत मिळवून देणारा एक जण ओळखीचा आहे. त्याला बोलावतो म्हटलं, तर आईने साफ नकार दिला. व्हिडिओ चालू होता म्हणून बोलू शकली.

"आयुष्यभर ह्यांनी आम्हाला बघितलं. आता मला ह्यांना बघू दे."



बाकीच्या फायलींना मी हात लावलेला नाही. ही मात्र दिवसभर चालू ठेवतो. आपोआप परत लागेल असं करून पाहिलं, पण तेव्हा तिचा आवाज फुटत नाही. दर अकरा मिनिटांनी उठून हातानेच लावावी लागते. हे लिहितानाही चारदा उठलोय.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. पहिल्या दिवशी बाबा पायरीच्या मधोमध बसले होते. रोज थोडे थोडे कडेला सरकतायत. आता त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झालीय.

आईच्या ते लक्षात आलं नसेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण आज दुपारी तिने टीव्हीकडे बघत अगदी सहज विचारलं...

"मी तिथे बसले, तर कॅमेरा तू धरशील ना रे?"