बुडाकडचं टोक

दिग्रसहून पुसदकडे निघालं, की गाव संपता संपता डाव्या हाताला एक लांबट कौलारू शेड लागायची. तिच्यात बिलियर्डच्या काठ्या तयार होत. कापसाच्या गावात बिलियर्ड कोण खेळणार, असं कुणालाही वाटेल, आणि खरोखरच कुणी खेळत नसे. गावातल्या निम्म्या लोकांना तर ते साहेबलोकांचे सोटे वाटत. पण नागपूर-अमरावतीच्या क्लबांत, जिथे हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीनं गोळे ढकलत वकील आणि डॉक्टर संध्याकाळ घालवायचे, तिथे दिग्रसच्या काठीला मान होता. नानाजी सुतारांनी ती बनवली, की पुन्हा तिच्याबद्दल कुणाची तक्रार यायची नाही.

नानाजी वारले आणि १९६१ साली त्यांच्या पत्नीनं, मैनाबाईंनी, कारखाना विकून टाकला. घेतला तो बाबारावांनी. बाबाराव म्हणजे गावातल्या एका जिनिंगवाल्यांचे धाकटे भाऊ. थोरल्या मारोतरावांचा धंद्यात शब्द चाले आणि बाबारावांनी जिनात काट्यापाशी बसून कापूस तोलायचा, असा घरचा रिवाज पडला होता. बाबारावांना त्या काट्याचा मनापासून वीट आला होता. त्यांचा स्वभाव वेगळाच. घड्याळ चालतंय म्हणून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. ते उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मारोतरावांनी पैसे दिले, पण बजावलं, "एक साल पाहीन. नाही जमलं तर काटा तुयी वाटच पाहून राह्यला." त्या एका वाक्यानं बाबारावांची झोप उडाली होती.

नानाजींची कामाची तऱ्हा संथ होती. ते धनसिंगला बरोबर घेऊन जंगलात जात. धनसिंग जवळच्या तांड्यावरचा. लाकूड तोडायला तोच आणि पुढे खरादावर कातायलाही तोच. धामणाचं झाड लवचिक आणि चिवट, काठीला त्याच्यासारखं दुसरं लाकूड नाही. झाड पसंत पडलं, की कुऱ्हाड लावायच्या आधी नानाजी बुंध्याशी गेरूचं बोट ओढत. पुढे त्या झाडाच्या जितक्या फाळी, म्हणजे उभ्या चिरफळ्या, निघतील, तितक्यांच्या बुडाकडच्या टोकावर ते बोट उमटवलं जाई. काठीची जाड मूठ नेहमी त्याच टोकाची. शेंड्याकडून निमुळतं टोक काढायचं आणि त्यावर चामड्याची टिकली बसवायची. म्हणजे काठी मुठीवर उभी केली, तर झाड जसं उभं होतं तशीच उभी राहणार.

बाबारावांना हा सगळा नसता खटाटोप वाटला. त्यांनी लिलावातून कापलेलं लाकूड उचललं. गेरू बंद. जे टोक हाती येईल ते खरादाला लागायचं.

पहिल्या काठ्या वाकून परत आल्या. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, चूक उघड होती, आणि बाबारावांनी ती कबूल केली. पुढचा माल त्यांनी उन्हाळाभर सावलीत ठेवला. तो रुळासारखा सरळ निघाला. बाबाराव जरा सैल झाले.

मग एका सकाळी यष्टीतून अमरावतीच्या एका क्लबचा मार्कर उतरला. खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे आणि काठ्यांची निगा राखायची, हे त्याचं काम. त्याच्या खांद्यावर काठ्यांचा भारा होता.

"वाकल्या काय?" बाबारावांनी विचारलं.

"नाई मालक. वाकल्या असत्या तं बरं झालं असतं." त्यानं भारा खाली ठेवला. "वाढल्या."

बाबाराव हसले. मार्कर हसला नाही. शेवटी त्यांनी भिंतीवरचं लोखंडी माप काढलं आणि एकेक काठी त्याला लावली. काही बरोब्बर होत्या. बाकीच्या कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं मापाबाहेर गेल्या होत्या. एक तर वीतभर. चामड्याची टिकली जागची हलली नव्हती, तिच्याखालचं पितळी टोपण घट्ट होतं. मार्करनं बदली काठ्या घेतल्या, चहाला नको म्हणाला आणि उलट यष्टीनं निघून गेला.

खरं सांगायचं, तर बाबाराव घाबरले नाहीत. त्यांना मजा वाटली. मेलेलं लाकूड आटतं, फुगतं, तडकतं. पण लांबीला वाढतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दोन काठ्या मापात कापल्या, दोन्हींवर मुठीपासून टोकापर्यंत सारख्या अंतरानं पेन्सिलीच्या रेघा मारल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. दिवाळीची झाडलोट झाली तेव्हा कपाट उघडलं. एका काठीवरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. दुसरीच्या टोकाकडच्या रेघा एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या. मुठीकडच्या मात्र जागच्या जागी.

ती काठी त्यांनी उभी चिरली. आत बारीक फांदीची गाठ होती. गाठ कुठल्या अंगाला झुकली आहे यावरून झाड कुठून कुठे वाढत होतं ते कळतं. बाबारावांनी ती फाळ मुठीपासून टोकापर्यंत तपासली. मग त्यांनी वाढलेल्या आणखी काठ्या चिरल्या. सगळ्यांत तेच. टोक बुडाकडचं होतं आणि मूठ शेंड्याकडची. काठी उलटी झाली होती.

धनसिंग खरादापाशी भुसा लोटत होता.

"धनसिंग, नानाजी गेरू काहून लावत होते?"

"मले का माईत, मालक. ते लावत, म्हणून मीबी लावो."

"कधी विचारलं नाही?"

"इचारून का करतो? काठी चांगली निंगे."

मैनाबाई शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बाबारावांनी त्यांनाही तेच विचारलं.

"मी एकडाव इचारलं व्हतं तेइले," त्या म्हणाल्या. "म्हने, जेवाले वाढ."

"आणि चुकून एखादी उलटी निघाली तर?"

मैनाबाईंचा हात थांबला. "चुलीत घालत. मी म्हनलं, येवढी चांगली काठी, कोनाले तरी देऊन टाका. तं दिवसभर बोलले नाई माह्याशी." मग त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

कारण कळलं नाही तरी नियम कळला, आणि बाबारावांना तेवढं पुरे होतं. वरून दिसणाऱ्या गाठी पाहून निवड करायची, बुडाकडची मूठ असलेल्या सरळ काठ्या विकायच्या, झालं. उलट्या त्यांनी एका कोपऱ्यात लावून ठेवल्या. व्यापाऱ्याच्या घरचं पोर, चांगला माल चुलीत घालायला हात धजेना.

शिवाय बाबारावांना त्या उलट्या काठ्यांची गोडी लागली होती. शेडच्या टोकाला नानाजींनी काठी पारखायला एक जुनं टेबल ठेवलं होतं. बाबाराव संध्याकाळी कामगार गेले, की उलटी काठी घेऊन तिथे खेळत. डावा पंजा टेबलावर पसरायचा, अंगठा आणि बोट यांच्या खाचेत टोक ठेवायचं आणि उजव्या हातानं मागून ढकलायचं. सरळ काठीनं त्यांना धड नेम धरता येत नसे. उलटी मात्र खाचेतून अशी सरके, की गोळा मनात आणावा तिथेच जाऊन थांबे. खेळून झालं तरी ती खाली ठेवावीशी वाटत नसे. जेवायला उशीर होई आणि घरी बोलणी खावी लागत.

माघात नागपूरच्या एका क्लबची मागणी आली. मोठे सामने होते. हा माल पसंत पडला, तर पुढे सगळा माल इथूनच घेऊ, असं कळवलं होतं. मारोतराव स्वतः शेडवर आले, सगळीकडे फिरले आणि जाताना म्हणाले, "हे पार पाड. नाही तर चैतात काट्यावर ये." बाबारावांनी मान हलवली.

निवड सुरू झाली तसं लक्षात आलं, की सरळ काठ्या कमी पडतात. नानाजींच्या वेळचं गेरूचं लाकूड केव्हाच संपलेलं, नवं वाळायला वेळ नाही. बाबाराव कोपऱ्यातल्या काठ्यांकडे पाहत राहिले.

"मापात काप अन् भाऱ्यात टाक," ते म्हणाले. "वाढतील तोवर सामने संपतील."

धनसिंगनं कापल्या. टिकल्या बसवल्या. बांधायची वेळ आली तसा तो मागे सरला.

"ह्या मी नाई बांधत, मालक."

"काहून?"

"तुमी बांधा."

तो गेला तो दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. तांड्यावर निरोप धाडला, तर कळलं, की बरं वाटत नाही. भारे बाबारावांनीच बांधले.

नागपूरहून काही तक्रार आली नाही. फाल्गुन गेला, उन्हाळा लागला. चैतात बाबारावांना काट्यावर कुणी बोलावलं नाही.

एक दिवस शेडसमोर मोटार थांबली. नागपूरच्या क्लबचे सेक्रेटरी स्वतः आले होते, सोबत मारोतराव. सेक्रेटरींचा पांढरा झक्क कोट, पण गृहस्थ हसतमुख. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"तुमच्या मालातल्या काही काठ्या, काय सांगू, अफलातून आहेत. मेंबर लोक त्यांच्यासाठी भांडतात. थोड्या लांब वाटतात, पण त्याचं काही नाही. मी स्वतःची तर घरी नेऊन ठेवलीय."

"कोणत्या?" बाबारावांनी विचारलं.

सेक्रेटरींनी कोटाच्या खिशातून गुंडाळलेला कागद काढला. त्यात नमुना म्हणून आणलेली, मोडलेल्या एका काठीची ढलपी होती, टिकली तशीच असलेली. बाबारावांनी ती उजेडात धरली. गाठ टिकलीकडे नाही, मुठीच्या अंगाला झुकलेली होती.

"अशाच हव्यात," सेक्रेटरी म्हणाले. "सगळ्या अशाच. मुंबईच्या क्लबांनाही मी कळवलंय."

बाबारावांनी तोंड उघडलं.

"होऊन जाईल, साहेब," मारोतराव म्हणाले. त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच ठेवला असेल. तो हात बाबारावांना इतका बरा वाटला, की ओठांवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं.

सेक्रेटरी उठले. मोटारीपाशी वळून त्यांनी निरोपाचे हात जोडले.

बाबारावांची नजर त्या हातांवर गेली. डाव्या हाताची बोटं उजव्याच्या वर निघाली होती. चांगली दोन पेरं.

गृहस्थ तसेच हसत उभे होते. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"अरे, नमस्कार कर," मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले.

बाबारावांनी हात जोडले, आणि तळवे नीट जुळवून घ्यायला त्यांना डावा हात थोडा खाली ओढावा लागला.